निदान न झालेली जुनाट पोटदुखी आणि विम्याविना उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रौढ रुग्णांना समोर ठेवून लिहिली आहेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या पोटदुखीचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो, आणि तो डॉक्टरांकडे लवकर जाऊनच करावा.

पोटदुखी जुनाट केव्हा म्हणायची, आणि ‘निदान झाले नाही’ याचा नेमका अर्थ काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना जुनाट मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही हीच मर्यादा धरलेली आहे. ‘निदान झाले नाही’ हे वाक्य मात्र तीन अगदी वेगळ्या परिस्थितींसाठी वापरले जाते, आणि आपण त्यांपैकी कोणत्या परिस्थितीत आहोत हे आधी ओळखले नाही तर पैसा भलत्याच ठिकाणी जातो. काहींच्या बाबतीत मुळात तपासण्याच झालेल्या नसतात, कारण त्या परवडलेल्या नसतात. काहींच्या तपासण्या झालेल्या असतात, पण त्या ज्या अवयवाच्या झाल्या तेथे दुखण्याचे मूळ नसते. उरलेल्यांच्या योग्य त्या तपासण्या झालेल्या असतात आणि त्या खरोखरच निर्दोष आलेल्या असतात. अशा रुग्णाला आणखी एका स्कॅनपेक्षा उपचारांची गरज असते. विमा नसलेला रुग्ण बहुधा या तिसऱ्या टप्प्यावरच सर्वांत जास्त खर्च करून बसतो.

पैशांचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

अचानक सुरू झालेली आणि काही मिनिटांत असह्य झालेली वेदना, पोट फळीसारखे कडक होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी काळी व चिकट शौच, पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद होणे, वेदनेसोबत थंडी वाजून ताप येणे, डोळे पिवळे होणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही घडल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. गर्भधारणेची थोडीही शक्यता असलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ आल्यास गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला असू शकतो, आणि त्यातील अंतर्गत रक्तस्राव जीवघेणा ठरतो. वरच्या पोटातील दुखण्यासोबत घाम सुटणे, धाप लागणे किंवा छातीत दडपण येणे हे हृदयविकाराच्या झटक्याचे रूप असू शकते. लोहाच्या गोळ्या व बिस्मथयुक्त औषधे यांनीही शौच काळी होते, त्यामुळे अशी औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे.

अनेक देशांत कायद्याने किंवा न्यायालयीन निर्णयाने, पैसे भरले नाहीत म्हणून अत्यवस्थ रुग्णाला प्राथमिक उपचार न करता परत पाठवता येत नाही. बिलाची तडजोड नंतर करता येते. फाटलेले अपेंडिक्स किंवा छिद्र पडलेले जठर मात्र थांबत नाही, आणि उशिरा केलेली शस्त्रक्रिया वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा बहुधा महाग पडते.

याखेरीज काही लक्षणे अशी आहेत की ती तातडीची नसली तरी त्यांच्यासाठीच्या तपासण्या टाळता येत नाहीत : प्रयत्न न करता घटणारे वजन, शौचातून रक्त, रक्तक्षय, गिळताना अडथळा, वारंवार उलट्या, झोपेतून उठवणारी वेदना, पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, आणि रक्ताच्या नात्यात आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग असणे. हातात असलेला पैसा आधी येथे खर्च करावा.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी, खर्च न करता, काय करता येईल?

जुनाट पोटदुखीत रुग्णाची हकिकत ही सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा सर्वांत उपयोगी तपासणी असते. दुर्दैवाने तीच घाईत उरकली जाते. ओपीडीत मिळणाऱ्या थोडक्या वेळात आठवून सांगितलेली हकिकत विस्कळीत होते, म्हणून कमीत कमी दोन ते चार आठवडे एका वहीत नोंदी ठेवाव्यात; मासिक पाळी येत असल्यास त्या किमान दोन पाळ्यांपर्यंत चालू ठेवाव्यात. ‘आज खूप दुखले’ अशी नोंद उपयोगाची नसते. दुखणे किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले, बोटाने दाखवता येईल इतक्या जागी होते की हाताच्या तळव्याएवढ्या भागात पसरलेले होते, पाठीत किंवा खांद्याकडे सरकले का, जेवणानंतर किती वेळाने आले, शौचाला जाऊन आल्यावर कमी झाले की वाढले, शौच घट्ट होती की पातळ, कुशीवर वळल्यावर किंवा पुढे वाकल्यावर फरक पडला का, आणि त्या दिवशी कोणती औषधे घेतली होती, हे लिहावे.

या प्रत्येक तपशिलामागे कारण आहे. पोटातील अवयवांच्या संवेदना मेंदूपर्यंत मोजक्या आणि सामाईक मज्जामार्गांनी जात असल्यामुळे अवयवाची वेदना धूसर, मध्यरेषेजवळ जाणवते : जठर, पित्ताशय व स्वादुपिंड यांची बेंबीच्या वर, लहान आतड्याची बेंबीभोवती, आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची ओटीपोटात. याउलट पोटाच्या भिंतीतून येणारी वेदना एका बोटाने दाखवता येते. जेवल्यानंतर साधारण अर्ध्या-एक तासात उसळणारी आणि त्या भीतीने जेवणच कमी करायला लावणारी वेदना, विशेषतः वयस्कर व धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीत, आतड्याचा रक्तपुरवठा कमी झाल्याचे सुचवते. वरच्या पोटात किंवा उजव्या बरगडीखाली येऊन अर्धा तास ते काही तास टिकणारी आणि मग पूर्ण ओसरणारी कळ पित्ताशयातील खड्यांकडे बोट दाखवते. शौचाशी बांधलेली वेदना आतड्याच्या कार्यातील बिघाडाची शक्यता वाढवते. तपासणीचा कागद यांतले काहीच सांगत नाही.

नोंदींवरून एक पानाचा गोषवारा तयार करून तो जुन्या अहवालांसह तारखेच्या क्रमाने एकाच फाईलमध्ये लावावा. दर वेळी नव्या डॉक्टरांकडे कोरी पाटी घेऊन गेल्यास त्याच रक्ततपासण्या पुन्हा होतात आणि त्यांचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

कोणत्या तपासण्या आधी कराव्यात आणि कोणत्या पुढे ढकलता येतात?

क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा असतो, पण रुग्णाने प्रत्येक तपासणीपूर्वी एक प्रश्न नक्की विचारावा : “या तपासणीच्या निकालावरून माझे उपचार बदलणार आहेत का?” उत्तर नकारार्थी असेल तर ती तपासणी सध्या थांबू शकते. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न अपमानास्पद वाटत नाही.

बहुतेक रुग्णांत सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. रक्तातील पेशींची मोजणी, सूज दर्शवणारी सीआरपी, यकृत व मूत्रपिंडाच्या कार्याच्या चाचण्या, रक्तातील साखर व कॅल्शियम, लघवी आणि शौच यांची तपासणी, आणि लागू असेल तेथे गर्भधारणेची चाचणी, एवढ्यातून बऱ्याच गंभीर शक्यता दूर सारता येतात. वरच्या पोटात दुखत असल्यास हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची श्वासातून किंवा शौचातून केली जाणारी चाचणी एंडोस्कोपीपेक्षा (तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहण्यापेक्षा) बरीच स्वस्त असते. अल्सरमागे हा जिवाणू असतो हे दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी कित्येक दशके अल्सरचे खापर तणाव आणि तिखट खाण्यावर फोडले जात होते. ही चाचणी करण्यापूर्वी आम्लता कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, अन्यथा जिवाणू असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवाव्यात. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी जुना संसर्ग आणि आताचा संसर्ग यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे तिच्यावर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची रक्तचाचणी करायची असेल तर त्याआधी गहू बंद करू नये. गहू सोडल्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही चाचणी निर्दोष दिसू लागते. जुलाब असणाऱ्या रुग्णात शौचातील कॅल्प्रोटेक्टिन ही चाचणी आतड्याला दाह आहे की नाही हे सांगते. ती कमी आल्यास कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) अनेकदा टळू शकते.

सोनोग्राफी पित्ताशयातील खडे, मूत्रपिंडाची सूज, अंडाशयातील मोठ्या गाठी यांसाठी उत्तम आहे आणि तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. सीटी स्कॅनमध्ये तो असतो : पोटाच्या एका सीटीतून साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून सुमारे तीन वर्षांत मिळतो तेवढा. गरज असेल तेव्हा तो निःसंशय करावा. दर काही महिन्यांनी ‘पुन्हा एकदा पाहू’ म्हणून करू नये.

कर्करोगाचे ‘मार्कर’, संपूर्ण शरीराच्या तपासणीची पॅकेजेस आणि शेकडो पदार्थांविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे मोजणाऱ्या ‘अन्न-असहिष्णुता’ चाचण्या यांवर विमा नसलेल्या रुग्णाने स्वतःहून एक पैसाही घालवू नये. मार्कर हे प्रामुख्याने निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी असतात, आणि आयजीजी प्रतिपिंडे ही तो पदार्थ आपण खातो एवढेच सांगतात.

सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी दोन्ही नॉर्मल आहेत. मग दुखते कशामुळे?

पहिली, आणि आश्चर्यकारक वाटावी इतक्या वेळा दुर्लक्षिली जाणारी शक्यता म्हणजे दुखणे पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असणे. भिंतीच्या स्नायूतून बाहेर येणारी बारीक मज्जातंतू-शाखा आवळली गेली की एकाच ठिकाणी तीक्ष्ण वेदना होते, आणि कोणत्याही स्कॅनमध्ये ती दिसत नाही. जॉन कार्नेट या अमेरिकी शल्यविशारदांनी 1926 मध्ये यासाठी सांगितलेल्या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही : रुग्णाला उताणे झोपवून सर्वाधिक दुखणाऱ्या जागी बोट ठेवायचे आणि त्याला डोके व खांदे उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू ताणल्यावर वेदना तशीच राहिली किंवा वाढली तर मूळ भिंतीत असण्याची शक्यता जास्त. कमी झाली तर आत. त्या जागी भूल देणाऱ्या औषधाचे एक इंजेक्शन देऊन वेदना थांबते का हे पाहिले जाते, आणि तेच बऱ्याच वेळा उपचारही ठरते. आपले दुखणे एका बोटाने दाखवता येत असेल तर ही परीक्षा करण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी.

स्त्रियांमध्ये पाळीच्या चक्रासोबत वाढणारे ओटीपोटातील दुखणे एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढल्यामुळे, असू शकते. प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि साध्या सोनोग्राफीत त्याचे वरवरचे ठिपके दिसत नाहीत. पूर्वी निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया अपरिहार्य मानली जाई. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ही अट सैल केली असून, लक्षणांवरून संप्रेरकांचे औषध सुरू करून पाहणे मान्य केले आहे. शस्त्रक्रियेचा खर्च न झेपणाऱ्या स्त्रीसाठी हा बदल फार महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे काढायला संकोच करू नये.

त्यानंतर येतात आतड्याच्या कार्याचे विकार, म्हणजे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या रचनेत दोष न दिसता त्याचे कार्य बिघडणे) आणि अल्सर नसतानाचे अपचन. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा विकारांच्या निदानासाठीच्या ‘रोम 4’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असेल, ते शौचाशी, शौचाच्या वारंवारितेतील बदलाशी किंवा तिच्या स्वरूपातील बदलाशी (या तिन्हींपैकी दोन गोष्टींशी) निगडित असेल, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असेल, तर आयबीएसचे निदान करता येते. हे लक्षणांवरून होणारे निदान आहे. ते सिद्ध करणारी चाचणी नाही. धोक्याची लक्षणे नसताना एवढ्यावर उपचार सुरू करणे याला अर्धवट वैद्यकी म्हणता येत नाही.

क्वचित आढळणारी, पण विचारल्याशिवाय न सापडणारी कारणेही आहेत. बॅटरी, जुना रंग किंवा धातू वितळवण्याच्या कामात शिसे शरीरात जाऊन पोटात कळा येतात. पोर्फिरिया या रक्तातील रंगद्रव्य बनण्याच्या प्रक्रियेतील बिघाडाच्या आजारात झटक्यांनी तीव्र पोट दुखते, लघवी उजेडात ठेवल्यावर गडद होऊ शकते, आणि तिची तपासणी झटका चालू असतानाच करावी लागते. म्हणून आपला व्यवसाय आणि घेत असलेले प्रत्येक औषध, काढे व भस्मे धरून, डॉक्टरांना सांगावे.

“सगळे मनाचे आहे” असे सांगून परत पाठवले. हे स्वीकारावे का?

या शब्दांत स्वीकारू नये. आतडे आणि मेंदू यांच्यात सतत दुतर्फा संदेशवहन चालू असते, आणि जुनाट वेदनेत ही यंत्रणा अतिसंवेदनशील होते; साध्या वायूचा ताणही मग कळ म्हणून जाणवतो. वेदना खरी असते. मात्र डॉक्टरांच्या बोलण्यातील तिरकसपणामुळे त्यांनी सुचवलेले औषधही नाकारणे नुकसानीचे ठरते. अॅमिट्रिप्टिलिन हे जुने व स्वस्त नैराश्यविरोधी औषध अगदी अल्प मात्रेत, रात्री 10 ते 30 मिलिग्रॅम, आयबीएसच्या वेदनेवर उपयोगी ठरते, हे 2023 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसून आले. ही मात्रा नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी असून ती मज्जातंतूंच्या संवेदनशीलतेवर काम करते. तोंडाला कोरड, झोपाळूपणा व बद्धकोष्ठ हे तिचे त्रास आहेत. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांनी तो आधी सांगावा.

आतड्यावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहन-उपचारालाही आधार आहे. पीटर व्होरवेल यांनी त्यावरील पहिली नियंत्रित चाचणी 1984 मध्ये प्रसिद्ध केली होती. तो सर्वत्र मिळत नाही. पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव, ठरलेल्या वेळी झोप आणि रोजचे चालणे यांना मात्र पैसे लागत नाहीत आणि त्यांचा परिणाम आठवड्यांत मोजायचा असतो, दिवसांत नव्हे.

विमा नसताना कोठे जावे आणि खर्च कसा आवाक्यात ठेवावा?

एकच डॉक्टर धरून ठेवणे ही पहिली काटकसर आहे. तज्ज्ञांकडे त्यांच्यामार्फत, ठरावीक प्रश्न घेऊन जावे. तज्ज्ञ लागलाच तर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सार्वजनिक रुग्णालय बहुतेक ठिकाणी सर्वांत परवडणारे असते. रांग लांब असते, पण पोटविकार, शल्यचिकित्सा आणि स्त्रीरोग हे तिन्ही विभाग एका छताखाली मिळतात, आणि निदान न झालेल्या दुखण्यात याचे मोल मोठे आहे. धर्मादाय रुग्णालये आणि उत्पन्नानुसार शुल्क आकारणारे दवाखाने यांचीही चौकशी करावी. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच भेटीत भेटावे. सवलतीसाठी लागणारी उत्पन्नाची कागदपत्रे आधी दाखवावी लागतात, बिल झाल्यावर अनेक ठिकाणी सवलत मिळत नाही.

तातडीच्या नसलेल्या तपासणीचा दर दोन-तीन ठिकाणी विचारावा आणि त्यात भूल, बायोप्सी (तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढणे) व अहवालाचे शुल्क धरले आहे का हे स्पष्ट करून घ्यावे. एंडोस्कोपीच्या स्वस्त दरात बायोप्सीचे पैसे नसतात, हे बऱ्याच जणांना बिल हाती आल्यावरच कळते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे, म्हणजे जेनेरिक घेता येते. रोख भरणाऱ्यास सूट आहे का, हप्ते बांधून मिळतात का, हे विचारण्यात कमीपणा नाही. धोक्याची लक्षणे नसताना केवळ आणखी एका स्कॅनसाठी व्याजाने कर्ज काढू नये.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून घेऊन दिवस काढले तर चालेल का?

थोडा काळ, आणि गोळी कोणती हे पाहून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पाळीच्या वेदनेवर चांगल्या असल्या तरी सतत घेतल्यास जठरात व्रण करतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी घेतो तेच वाढवतात. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण निरोगी प्रौढाने चोवीस तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा आजार, मद्यपान किंवा कमी वजन असल्यास मर्यादा आणखी खाली येते, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही तेच औषध असते. अफूजन्य वेदनाशामके जुनाट पोटदुखीत टाळावीत : त्यांनी आतड्याची हालचाल मंदावते आणि काही रुग्णांत मात्रा वाढवत नेल्यावर वेदनाच वाढत जाते.

शेक घेतल्याने आराम पडतो. पिशवी उघड्या त्वचेवर रोज तासन्‌तास ठेवल्यास मात्र जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. ते दिसल्यास उष्णता कमी करावी.

आहारात काय बदल करावा?

एका वेळी एकच बदल, आणि त्याची नोंद. चार पदार्थ एकदम सोडल्यावर बरे वाटले तर कशामुळे हे कळत नाही, आणि माणूस चारही कायमचे सोडून अशक्त होतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला, आतड्यात आंबणाऱ्या शर्करा कमी करण्याचा आहार आयबीएसमध्ये उपयोगी पडतो, परंतु त्याचा कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो आणि त्यानंतर पदार्थ एकेक करून परत आणायचे असतात. कोंड्यापेक्षा इसबगोलासारखा विरघळणारा तंतू आयबीएसमध्ये अधिक मानवतो. तो थोड्या मात्रेने सुरू करून भरपूर पाण्यासोबत घ्यावा. वजन घटत असेल तर कोणताही वर्ज्य-आहार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

आता विमा काढला तर या दुखण्याचा खर्च त्यातून मिळेल का?

पॉलिसीच्या अटींवर आणि त्या देशाच्या कायद्यावर ते अवलंबून आहे. अनेक ठिकाणी आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, आणि निदान झालेले नसले तरी लक्षणांसाठी घेतलेला सल्ला हा आधीचा आजार धरला जाऊ शकतो. अर्जात पोटदुखी लपवू नये. जुने केसपेपर विमा कंपनीला दाव्याच्या वेळी मिळू शकतात, आणि माहिती दडवल्याचे कारण देऊन या दुखण्याशी संबंध नसलेला दावाही नाकारला जाण्याचा धोका राहतो. ‘निदान प्रलंबित’ असे लिहून उपलब्ध अहवाल जोडावेत, प्रतीक्षाकाळ किती आणि तो कोणत्या आजारांना लागू हे लेखी घ्यावे, आणि तोवर वर सांगितलेली फाईल चालू ठेवावी.